कडी उघडी राहिली म्हणून

इंदूर,
राखीनंतरचा मंगळवार

तीर्थरूप मावशीस,


एवढ्या जवळ राहून पत्र कशाला, असं म्हणशील. देवास ते इंदूर तासाभराची बस, शिवाय फोन आहेच. पण फोनवर तू पहिल्या मिनिटाला विचारतेस, जेवण झालं का, आणि मग विषय तिथेच बसतो. मला जे सांगायचं आहे ते एका दमात सांगायचं आहे, मधे ‘अगं पण’ न येता. म्हणून हा कागद.

रविवारी आम्ही तुझ्याकडे होतो. टेकडीवर जाऊन मोठ्या मातेचं, छोट्या मातेचं दर्शन झालं. ओटीवर तू भुट्टे किसत बसली होतीस, मी मिरच्या चिरत होते, आणि तुझी नात कणसं सोलून देत होती. पेपर पसरलेला होता, त्याच्यावरच सालं पडत होती. त्यातल्या एका बातमीवर तुझी नजर गेली. कोणा गावची मुलगी, कोण तिचा ओळखीचा, काय झालं ते चार ओळींत. तू किसणी न थांबवता म्हणालीस, “पण एवढ्या रात्री ही काय करून राहिली होती तिथे? आणि ओरडली का नाही?” मग स्वतःशीच, “टाळी एका हाताने वाजत नाही.”

मी काही बोलले नाही. मी गप्प बसले याचा अर्थ तू, मला पटलं असा घेतलास. हे पत्र लिहिण्याचं पहिलं कारण तेच आहे. माझं मौन म्हणजे संमती नव्हती, मावशी.

तुला ठाऊक आहे, मी बत्तीस वर्षं कोर्टात स्टेनो होते. तू विचारलेला प्रश्न मी किती वेळा टाइप केला असेल, त्याची मोजदाद नाही. “यह कहना सही है कि मैंने शोर नहीं मचाया.” “यह कहना सही है कि मैं अपनी मर्ज़ी से उसके साथ गई थी.” उलटतपासणीत वकील विचारतो, बाई कधी हो म्हणते, कधी मान हलवते, आणि आम्ही ते वाक्य तिच्या तोंडी घालून कागदावर उतरवतो. प्रश्न वकिलाचा, वाक्य मात्र तिचं होऊन बसतं. सुरुवातीची काही वर्षं मलाही तो प्रश्न रास्त वाटायचा. ओरडायला काय होतं? माझं मन ज्या गोष्टीने फिरलं ती गोष्ट कायद्याच्या पुस्तकात नव्हती. ती तूच सांगितलेली आहे.

धारच्या वाड्यातला चोर आठवतो ना? पहिल्या बाळंतपणाला तू माहेरी आली होतीस. माजघरात निजली होतीस. मध्यरात्री डोळे उघडले तर समोर माणूस. त्याने आधी घंगाळ उचललं, मग समई, मग कोनाड्यातला तांब्या. तू बघत होतीस. बाजूच्या खोलीत अण्णा, पलीकडे दोन भाऊ, एक हाक मारली असतीस तर तिघं धावले असते. पण तुझी दातखीळ बसली. तो दार सताड टाकून निघून गेला, तरी तू पहाटेपर्यंत तशीच बसून होतीस. दर मंगळागौरीला, दर बारशाला तू ही गोष्ट सांगतेस, आणि ‘अशी बोबडी वळली म्हणून सांगू!’ इथे सगळ्या बायका हसतात.

आणि कडी लावायची राहिली होती ती तुझ्याच हातून. आजी त्यावरून बोलायला लागली तेव्हा अण्णांनी तिला थांबवलं होतं. ते म्हणाले होते, “कडी उघडी राहिली म्हणून चोर पाहुणा होत नाही.” मग तुला पाणी दिलं. तू ओरडली का नाहीस, हे घरात कुणी विचारलं नाही, फौजदारानेही विचारलं नाही. समई तू राजीखुशीने दिलीस, असं तर कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

आपल्या भाषेत त्या अवस्थेला किती शब्द आहेत बघ. दातखीळ बसणे. बोबडी वळणे. पाय गळणे. हातापायांतलं त्राण जाणे. भीतीने माणूस ओरडत नाही, थिजतो, हे मराठीला कधीपासून माहीत आहे. 2017 साली स्वीडनमधल्या डॉक्टरांनी हे मोजूनही पाहिलं. बलात्कारानंतर स्टॉकहोमच्या दवाखान्यात आलेल्या 298 स्त्रियांना विचारलं, तेव्हा शंभरातल्या सत्तरजणींनी सांगितलं की त्या वेळी शरीर हलेनासं झालं होतं. चोर पाहून तुझी बोबडी वळली तर ते आपण हसण्यावारी नेतो आणि खरं मानतो. त्या मुलीची वळली, तर म्हणतो, हिचीच मर्जी असणार.

तू एकटीच असं म्हणतेस असं नाही गं. देशातल्या सगळ्यांत मोठ्या कोर्टाने हेच म्हटलं होतं.

1972 चा मार्च. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातलं देसाईगंज. मथुरा नावाची आदिवासी मजूर मुलगी, वय चौदा ते सोळाच्या मधलं, आईबाप नाहीत. घरच्यांच्या एका तक्रारीपायी रात्री ठाण्यात आली. जबाब झाले, बाकीच्यांना जा म्हणाले, हिला थांबवून घेतलं. दार लागलं, दिवा गेला. बाहेर तिची माणसं उभी होती. आरोप दोन पोलिसांवर. 1974 मध्ये सत्र न्यायालयाने दोघांना सोडलं आणि उलट तिलाच खोटारडी ठरवलं. का? तर तिला आधीपासून शरीरसंबंधाची सवय होती म्हणून. 1976 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो निकाल फिरवला. धाकापुढे मान तुकवणं म्हणजे संमती नव्हे, असं म्हणून एकाला पाच वर्षं आणि दुसऱ्याला एक वर्ष शिक्षा दिली. आणि सप्टेंबर 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोघांना पुन्हा निर्दोष सोडलं. कोर्टाची कारणं: अंगावर जखमा नाहीत. हात धरला तेव्हा तिने झटकला नाही. ओरडली नाही.

म्हणजे तुझाच प्रश्न, काळ्या कोटातला.

आता पत्राने काय होतं, असं तू विचारशील म्हणून सांगते. त्या निकालाविरुद्ध जे पहिलं उठलं ते एक पत्रच होतं. 16 सप्टेंबर 1979 ला कायदा शिकवणाऱ्या चौघांनी देशाच्या सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, आणि दोन नावं आपल्यातली, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर. त्यांचं म्हणणं साधं होतं. रात्रीचं ठाणं, समोर पोलीस, हातात काही नसलेली पोर. ती शरण गेली असेल, पण शरण जाणं आणि राजी असणं या दोन गोष्टी आहेत. ते पत्र हातोहात फिरलं. 1980 च्या महिलादिनी मुंबई, दिल्ली, नागपूरला बायका रस्त्यावर आल्या. निकाल काही बदलला नाही, मथुरेच्या पदरात काही पडलं नाही. पण 1983 मध्ये कायदा बदलला. कोठडीत असलेल्या बाईशी संबंध झाल्याचं सिद्ध झालं आणि तिने ‘माझी संमती नव्हती’ असं सांगितलं, तर कोर्टाने ते खरं धरून चालायचं, उलट सिद्ध करायचं ते समोरच्याने. असे खटले बंद दाराआड चालवायचे, आणि तिचं नाव छापायचं नाही, हेही तेव्हाच आलं.

मग एकेक प्रश्न कायद्याने विचारायचा बंद केला. बाईचं चारित्र्य कसं आहे म्हणून तिची साक्ष खोटी पाडायची मुभा होती, ती 2002 च्या दुरुस्तीने गेली. दिल्लीतल्या डिसेंबर 2012 च्या बलात्कार प्रकरणानंतर, 2013 मध्ये, संमती म्हणजे काय हे कायद्यात लिहिलं गेलं: शब्दांनी किंवा खुणेने, पण स्पष्ट आणि स्वतःच्या मर्जीने दिलेला होकार. आणि पुढे असंही, की तिने अंगाने झटापट केली नाही एवढ्यावरून ती राजी होती असं धरायचं नाही. 2022 च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बाईला आधीपासून सवय आहे का हे बघायची दोन बोटांची ती लाजिरवाणी तपासणी करणाऱ्या डॉक्टरलाच दोषी धरायचं ठरवलं. ‘मौनं संमतिलक्षणम्’ हे कायद्याच्या लेखी संपलं आहे, मावशी. आपल्या ओटीवर ते अजून चालू आहे.

आणि अगदी आपल्या दाराशी घडलेलं ऐक. धार-देवासचे खटले वरती जातात ते उच्च न्यायालयाच्या इथल्या इंदूर खंडपीठात. 2020 च्या जुलैमध्ये तिथे उज्जैन जिल्ह्यातलं एक प्रकरण आलं. शेजारणीच्या घरात शिरून तिचा विनयभंग केल्याचा एकावर आरोप होता. कोर्टाने त्याला जामीन दिला, अट अशी घालून, की राखीपौर्णिमेला बायकोला घेऊन, मिठाईचा डबा घेऊन त्या बाईच्या घरी जायचं, राखी बांध म्हणून विनंती करायची, ओवाळणीचे 11,000 रुपये घालायचे, आणि जन्मभर तिचं रक्षण करीन असं वचन द्यायचं.

त्या वेळी तू फोनवर मला म्हणाली होतीस, “किती छान केलं, भांडण मिटलं.” माळव्यात येऊन आपल्याला तीनशे वर्षं होत आली, भाऊबीज आपली होतीच, राखीही आपलीच झाली. म्हणून तर मला विचारायचं आहे. तुझ्या घरात जो बळजबरीने शिरला, तोच सणाच्या दिवशी डबा घेऊन दारात उभा राहिला, तर तू पाट मांडशील? राखी कुणाला बांधायची हेही बाईनेच ठरवायचं असतं ना? पहिल्यांदा तिला विचारलं नाही, आणि दुसऱ्यांदा, न्याय देतानाही, तिला विचारलं नाही. अपर्णा भट आणि आणखी आठ महिला वकील याविरुद्ध दिल्लीला गेल्या. 18 मार्च 2021 ला सर्वोच्च न्यायालयाने ती अट रद्द केली, आणि न्यायाधीशांनी काय बोलू नये त्याची यादीच दिली. रात्री एकटी बाहेर होती, कपडे अमुक होते, म्हणजे तीच जबाबदार, असं म्हणायचं नाही. जखमा नाहीत म्हणजे राजी होती, असं म्हणायचं नाही. चांगली बाई अशी नसतेच, असंही नाही.

ती यादी वाचताना मला आपल्या म्हणी आठवत होत्या. विस्तवाजवळ लोणी ठेवलं तर वितळणारच. काट्यावर पान पडो की पानावर काटा, फाटतं पानच. बाईची अब्रू म्हणजे काचेचं भांडं. या सगळ्या म्हणींत पुरुष म्हणजे विस्तव किंवा काटा. विस्तवाला कुणी विचारत नाही, काट्याला विचार नसतो. माणसासारखं वागायची अपेक्षा फक्त लोण्याकडून. आपले मुलगे, आपले भाऊ काटे आहेत, असं आपण समजून चाललो आहोत, याचं मला जास्त वाईट वाटतं. आपल्याकडच्या हिंदी पेपरात लिहितात, ‘मुँह काला किया’. शब्दाला धरून बघितलं तर तोंड त्याचं काळं झालं. पण तोंड लपवून गाव सोडते ती. चोरी झाली तर अब्रू चोराची जाते. ही एकच चोरी अशी, की जिचं गेलं तिचीच अब्रू गेली म्हणायचं.

परक्या घरच्या मुलींविषयी तर आपण आणखी सैल बोलतो. धारला लहानपणी भगोरियाच्या दिवसांत मोठी माणसं म्हणायची, ‘त्यांच्यात काय, गुलाल लावला की झालं.’ आदिवासी संघटना कधीपासून सांगताहेत की भगोरिया हा होळीआधीचा आठवडी हाट आहे, मुली पळवायचा बाजार नाही. आपण ऐकलं नाही. 2022 मध्ये अलीराजपूर जिल्ह्यात वालपूरच्या भगोरियात भरदिवसा मुलींची छेड काढतानाचा व्हिडिओ सगळीकडे फिरला, अटकाही झाल्या. मुलगी मेळ्यात आली म्हणजे तिने हो म्हटलं, हा समज त्या पोरांनी स्वतः शोधून काढला नव्हता. तो आपणच हसत हसत पसरवला होता.

आता जरा नाजूक गोष्ट. रागावू नकोस.

तुझं लग्न झालं तेव्हा तू सतरा वर्षांची होतीस. आई गेली त्या वर्षी एका दुपारी तू मला म्हणालीस, “मला कुणी विचारलंच नव्हतं. मी मान खाली घातली, ते हो समजले.” त्यापुढे तू काही बोलली नाहीस, आणि मी विचारलं नाही. पण तू ज्या पिढ्यांतून आलीस त्यांत ‘संमती’ हा शब्दच बाईसाठी नव्हता. मुंबईच्या रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी लावलं होतं. मोठी झाल्यावर त्या म्हणाल्या, जे लग्न मी केलं नाही त्यात मी नांदायला जाणार नाही. 1887 मध्ये कोर्टाने सांगितलं, नवऱ्याकडे जा नाहीतर तुरुंगात. त्यांनी तुरुंग पसंत आहे म्हणून कळवलं. पुढे तडजोड झाली, आणि त्या डॉक्टर होऊन आल्या. 1891 मध्ये संमतिवयाचा कायदा झाला, दहाचं वय बारावर नेलं, त्यावरून टिळक आणि आगरकर दोन बाजूंना उभे राहिले, ‘संमती’ हा शब्द घराघरांत गेला. पण ज्या मुलींच्या नावाने तो वाद चालला होता, त्यांना त्यात कुणी काही विचारल्याचं दिसत नाही. आजही कायद्यात एक दार बंदच आहे. अठरा वर्षांवरच्या बायकोवर नवऱ्याने बळजबरी केली तर त्याला बलात्कार म्हणत नाहीत. जुन्या कायद्याच्या जागी 2024 मध्ये नवी न्यायसंहिता आली, तीतही हा अपवाद तसाच राहिला. तेव्हा ‘विचारायला हवं होतं’ हे तुझ्याइतकं कुणाला कळणार?

तू दुष्टपणाने बोलली नाहीस हेही मला ठाऊक आहे. तू घाबरून बोललीस. त्या मुलीची काहीतरी चूक सापडली की जिवाला बरं वाटतं. ती रात्री गेली, आमची जात नाही. ती त्याच्याशी बोलली, आमची बोलत नाही. म्हणजे आमची सुरक्षित. पण गुन्ह्यांची सरकारी आकडेवारी दरवर्षी हेच सांगते, की बलात्काराच्या शंभर गुन्ह्यांतल्या नव्वदहून अधिकांत आरोपी मुलीच्या ओळखीचा असतो. शेजारी, नातेवाईक, मित्र, लग्नाचं वचन दिलेला. अंधारातून येणारा अनोळखी माणूस फार थोड्यांच्या वाट्याला येतो. आपण पहारा ठेवतो वेशीवर आणि चोर असतो माजघरात. खोट्या तक्रारी नसतात का, असतात. त्या तपासायला पोलीस आहेत, कोर्ट आहे, आरोपीला वकील आहे. भुट्टे किसता किसता निकाल द्यायची जबाबदारी आपल्यावर कुणी टाकलेली नाही.

आता पत्राचं दुसरं कारण, आणि खरं तेच. परत येताना बसमध्ये तुझी नात खिडकीशी बसली होती. शिप्रा नदी मागे पडल्यावर ती म्हणाली, “आत्या, मला कधी काही झालं ना, तर आजीला नाही सांगायचं हं.” आवाजात राग नव्हता. पाण्याची बाटली पिशवीत आहे ना, असं विचारावं तसं म्हणाली. मी तिला विचारलं, काही झालंय का? नाही म्हणाली. मी विश्वास ठेवला. पण तू ज्या मुलीविषयी बोललीस ती चार ओळींतली, तुझ्यापासून कितीतरी लांबची. ती तुझं बोलणं कधी ऐकणार नाही. ऐकलं ते समोर बसून कणसं सोलणाऱ्या पोरीने. आपल्यावर वेळ आली तर या ओटीवर आपल्याला कोणता प्रश्न विचारला जाईल, हे तिला कळलं. तिने एक दार मनातून बंद करून टाकलं, आणि ते तिच्या सगळ्यांत लाडक्या माणसाचं दार आहे.

तेव्हा दोन गोष्टी मागते. कधी कुणी मुलगी, नात असो की कामवालीची लेक, असं काही सांगायला आली, तर अण्णांनी केलं ते कर. आधी पाणी दे. का गेलीस, का नाही ओरडलीस, हे विचारू नकोस. ‘तुला काय करावंसं वाटतं?’ एवढं विचार, कारण जिला एकदा विचारलं गेलं नाही तिला आता तरी विचारायला हवं. तिला हवं असेल तर दवाखान्यात घेऊन जा. सरकारी असो की खाजगी, पैसे न घेता उपचार करायला ते बांधलेले आहेत. तक्रार करायची असेल तर कुठलंही ठाणं, हद्द आमची नाही म्हणून परत पाठवू शकत नाही. मला मध्यरात्री फोन कर, मी येते.

दुसरी गोष्ट लहान आहे. नातीला एक फोन कर. विषय फार वाढवू नकोस, कायदा सांगू नकोस. धारच्या चोराची गोष्ट तिला पुन्हा एकदा सांग. पण या वेळी कडीपर्यंत सांग, आणि अण्णा काय म्हणाले तेही. बाकीचं तिचं ती समजेल.

प्रकृतीला जप. गुडघ्याचं तेल संपलं असेल, पुढच्या रविवारी आणते.

तुझी भाची